बाराव्या फॉर्मवरचा फोटो

आमच्या ह्यांनी विम्याचं काम सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी एका धडधाकट माणसाच्या घरात रडारड झाली.

घर बेकरीवाल्याचं. बेकरीवाला मागच्या खोलीत दाढी करत होता. वजन चांगलं नव्वद किलो, आजवर साधी सर्दी झालेली कुणाला आठवत नाही. दार उघडलं त्याच्या म्हाताऱ्या आईने. समोर हे उभे. काखेत काळी बॅग, चेहरा गंभीर. म्हातारीने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे, आणि "कोण गेलं गं बाई!" म्हणून असा हंबरडा फोडला की शेजारच्या दोन बायका हातातलं काम टाकून धावत आल्या आणि आल्या आल्या त्याही रडायला लागल्या. कोणासाठी रडायचं ते विचारायला कुणाला सवडच नव्हती. शेवटी बेकरीवाला अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आला आणि म्हणाला, "अगं आई, मी आहे ना!" तेव्हा ती गप्प झाली, आणि दुसऱ्या क्षणाला "मग हा माणूस कशाला आलाय?" म्हणून ह्यांच्या अंगावर धावून गेली.

म्हातारीचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. तीस वर्षं आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे गट, पासपोर्टचे फोटो, सगळं करायचे. पण खरं नाव होतं ते फोटो मोठे करून देण्यात. कुणाच्या घरी कोणी वारलं की दोन-चार दिवसांनी निरोप यायचा. मग हे त्या घरी जायचे, घरच्यांनी शोधून काढलेला एखादा लहानसा फोटो हातात घ्यायचे, मोठा करून द्यायचे, वर फ्रेमही बसवून द्यायचे. भिंतीवर तो कुठे लावायचा, उजेड कुठून येतो, काचेवर चमक येणार नाही ना, हेसुद्धा स्वतः बघायचे. त्यासाठी बॅगेत मोजपट्टी असायची. त्यामुळे गावात एक गोष्ट लहानथोरांच्या डोक्यात पक्की बसली होती. न बोलावता फोटोवाले दारात आले, म्हणजे घरातलं कोणीतरी गेलंय आणि आपल्याला अजून कळलेलं नाही.

असा माणूस विमा विकायला निघाला!

त्या दिवशी बेकरीवाल्याने बिचाऱ्याने तरीही घरात घेतलं, चहा दिला. ह्यांनी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "समजा, उद्या तुम्ही नसलात..." आणि सवयीने ह्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. वाक्य तिथेच राहिलं. "भिंत छान आहे हो तुमची," हे म्हणाले, "उजेड डावीकडून येतोय. इथे मोठ्यातला मोठा सहज बसेल."

हे मला बेकरीवाल्याच्या बायकोने सांगितलं. ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते इतकंच, "विचार करून कळवतो म्हणाले."

आता ह्या वयात ह्यांना हे काय सुचलं, असं कोणी विचारेल. सुचलं नाही, सुचवावं लागलं. लोकांच्या हातात कॅमेरेवाले फोन आले. जो तो स्वतःचे फोटो स्वतःच काढायला लागला. जेवायच्या ताटाचेही काढायला लागला. स्टुडिओत आधी लग्नं यायची बंद झाली, मग बारशी, मग पासपोर्टवालेही. मोठे करून घ्यायलाही लोक आता थेट छापखान्यात जायचे. शेवटी जागामालकाने ती जागा फोन विकणाऱ्यालाच दिली, म्हणजे जखमेवर मीठ चोळण्याचं कामही परस्पर झालं.

तेव्हा माझा थोरला भाऊ पुढे आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचं रंगांचं दुकान आहे, भिंतींना लावायच्या रंगांचं. मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. "भाऊजी, माझ्याकडे या," तो म्हणाला. "गल्ल्याशेजारी एक स्टूल रिकामंच आहे. बसायचं, डबे द्यायचे, डबे घ्यायचे."

हे त्या स्टुलाला जितके घाबरले तितके आयुष्यात कशालाच घाबरले नसतील. कारण जुनं आहे. दादाच्या लग्नात फोटो काढायला अर्थातच हे होते. नवे जावई, नवा कॅमेरा. दिवसभर नुसते पळत होते. सगळ्यांना उभं केलं, बसवलं, हसवलं, एका आत्याला पदर नीट घेण्यासाठी तीन वेळा खुर्चीवरून उठवलं. मी शेजारी हात उंच करून फ्लॅश धरून उभी, संध्याकाळपर्यंत खांदे भरून आले. स्टुडिओत येऊन कॅमेरा उघडला तर आत रोलच नव्हता. सव्वीस वर्षं झाली. दादाच्या घरी लग्नाचा एकही फोटो नाही, आणि ह्या सव्वीस वर्षांत दादाने एकही संधी सोडलेली नाही. हे जेवायला बसले की, "भाऊजी, रोल टाकलाय ना?" सायकलवर टांग मारली की, "भाऊजी, रोल?" वर स्वतःच हसायचं. असा माणूस रोज सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत शेजारी बसणार, म्हणजे काय होईल ते मला दिसत होतं. ह्यांना तर आधीच दिसलं होतं.

विम्याची कल्पना माझी. गावातलं प्रत्येक घर ह्यांना माहीत, प्रत्येक माणूस ओळखीचा, मग अडचण काय, असं मला वाटलं. भिंतींचं माझ्या लक्षात आलं नाही.

विमा कंपनीच्या कचेरीत एक साहेब होते. कडक उन्हातही टाय सोडत नसत, म्हणून मी त्यांना टायवाले म्हणते. त्यांनी ह्यांचा वर्ग घेतला, परीक्षा घेतली, पहिला विमा ह्यांचा स्वतःचाच उतरवला आणि नियम सांगितला. पहिल्या वर्षात बारा माणसांचा विमा झाला पाहिजे. अकरा झाले तरी एजन्सी बंद. "बारा म्हणजे बारा," ते म्हणाले. दादाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "वर्षभर हौस करून घ्या, भाऊजी. स्टूल कुठे पळून जात नाही."

सुरुवातीला सराव म्हणून मी गिऱ्हाईक झाले. मी भाजी निवडत बसले, हे बॅग घेऊन दारातून आत आले.

"नमस्कार साहेब," हे म्हणाले.

"साहेब कोण?"

"अगं, समज ना."

"बरं. बोला."

"साहेब, समजा उद्या तुम्ही... म्हणजे समजा हं... तुम्ही बाहेरगावी गेलात."

"मग परत येईन."

"तसं नाही. परत न येण्यासारखं बाहेरगावी."

"अहो, मग सरळ सांगा ना, मेलात तर!"

ह्यांचा चेहरा पडला. "असं अभद्र बोलू नये गं," म्हणाले आणि उठून आतल्या खोलीत गेले. मी कपाळाला हात लावला. तीस वर्षं गावातल्या मेलेल्या माणसांचे फोटो ह्यांनी मोठे केले, पण मरण हा शब्द काही ह्यांच्या तोंडून निघत नव्हता. डॉक्टरने रक्त बघून चक्कर येऊन पडावं, तसं झालं हे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गिऱ्हाईक झाले. ह्या वेळी नुसती ऐकून घेत नव्हते, हरकती घेत होते. हप्ता परवडत नाही म्हटलं. ह्यांनी मान डोलावली, "हो, तेही खरंच." घरात आधीच खर्च फार आहेत म्हटलं. "अगदी बरोबर." आणि मला काय धाड भरलीये, असं म्हटलं तेव्हा तर हे खूश होऊन म्हणाले, "तेच म्हणतो मी!" आणि फॉर्म बॅगेत घातला.

पहिल्या तीन महिन्यांत ह्यांच्या स्वतःच्या विम्यापुढे गाडं सरकलं नाही. लोक लांबून बॅग बघूनच रस्ता बदलायचे. एक गृहस्थ तर ह्यांना बघून दाराला कडी लावून घरात गुपचूप बसले आणि आतून खोकत राहिले.

मग त्या ट्रंकांचं प्रकरण झालं. स्टुडिओ मोकळा करताना दोन मोठ्या ट्रंका आमच्या घरात आल्या होत्या. त्यात होते न नेलेले फोटो. लोक फोटो काढायला उत्साहाने येतात, पण न्यायला विसरतात. असे तीस वर्षांचे लिफाफे, प्रत्येकावर नाव आणि तारीख. बाहेरच्या खोलीतला अर्धा पलंग त्या ट्रंकांनी खाल्ला होता आणि मी रोज त्यांच्या कडेवर पायाचा अंगठा आपटत होते. एक दिवस तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "एक तर हे ज्याचे त्याला नेऊन द्या, नाहीतर मी रद्दीत घालते."

हे तसे आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी शिंप्याचा लिफाफा घेऊन गेले. तीन तासांनी परत आले ते चेहरा फुललेला. "अगं, त्याच्या धाकट्या मुलीचा फोटो निघाला, एक वर्षाची असतानाचा. रडत होती म्हणून शिंप्याने तिला मोजायची टेप खेळायला दिली होती, ती तोंडात आहे. ती पोरगी आता वकील आहे! शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोनदा चहा झाला."

"आणि विम्याचं?"

ह्यांनी जीभ चावली. "ते राहिलंच."

असं चार घरी झालं. चार घरी आनंद, चार घरी चहा, आणि विमा राहिलाच. शेवटी मी काय केलं, लाल शाईचं पेन घेतलं आणि ट्रंकेतल्या प्रत्येक लिफाफ्यावर ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं, 'विमा!' म्हणजे निदान लिफाफा हातात असेपर्यंत तरी ह्यांना आठवण राहील.

ह्यांना आठवण राहिली की नाही, देव जाणे. पण पुढचा लिफाफा शाळेच्या मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, चुकूनही एक शब्द न वाचता सोडायच्या नाहीत. त्यांनी फोटो पाहिला. नोकरीच्या पहिल्या दिवशीचा होता, दोन वेण्यांतला. मग लिफाफा उलटा केला आणि म्हणाल्या, "हे विमा काय लिहिलंय?" ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "ते माझ्या बायकोने लिहिलंय. मी विसरतो म्हणून." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "आता आठवलंय तर बोला."

तेव्हापासून ह्यांनी बोलणंच सोडून दिलं. घरी जायचं, फोटो द्यायचा आणि लिफाफा लाल अक्षरं वर करून टेबलावर ठेवायचा. बाकी काम लिफाफा करायचा. मुख्य म्हणजे आता हे आले की लोकांना कळायचं, की मेलेल्याचा फोटो न्यायला नाही, जिवंत माणसाचा द्यायला आलेत. बॅग बघून कोणी रस्ता बदलेनासं झालं. उलट बाजारात बायका मला विचारू लागल्या, "आमचा एखादा सापडला का हो?" दातांचे डॉक्टर स्वतःच्या जुन्या फोटोतल्या केसांकडे बराच वेळ बघत बसले आणि काही न विचारता म्हणाले, "फॉर्म आणलाय का?" बस कंडक्टरने तर स्वतःचाही उतरवला आणि भावाचाही. वर्ष संपत आलं तेव्हा अकरा झाले होते. बारावा बेकरीवाला. तो स्वतः होऊन म्हणाला होता की मुदतीच्या आधी नक्की करू.

हे सगळं होत असताना मला एक गोष्ट सलत होती, तीही सांगून टाकते.

ह्यांनी दूधवाल्याला विचारलं, शिंप्याला विचारलं, जिन्याजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला विचारलं, वयात न बसणाऱ्यांना विचारलं. मला मात्र एकदाही विचारलं नाही. मी खडा टाकून पाहिला. "बायकांचाही उतरवतात का हो?"

"उतरवतात की. मोठ्या बाईंचा नाही का उतरवला."

"नोकरी न करणाऱ्यांचा?"

"उतरवतात," म्हणाले, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पुन्हा विषय काढला तर पुन्हा वर्तमानपत्र. मी काय समजायचं ते समजले. गावभर सांगत फिरतात की तुम्ही नसलात तर घरच्यांचं कसं होईल, आणि मी नसले तर ह्यांच्या मते काही होणार नाही. दोन भाकऱ्या कोणीही टाकेल. मी महिनाभर ह्यांच्या चहात साखर कमी घातली. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मुदत संपायला चार दिवस असताना बेकरीवाला घरी आला, दारातच उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "फोटोवाले, माझा नाइलाज आहे. आई म्हणते, त्या माणसाकडच्या कुठल्याही कागदावर तू सही केलीस तर मी अन्नाला शिवणार नाही." पहिल्या दिवशीची रडारड म्हातारी विसरली नव्हती. बेकरीवाल्याने जाताना पाव दिला. पाव चांगला होता, पण त्याचा बारावा फॉर्म होत नाही.

त्याच दिवशी दादाने एक जाड घडीचं पुस्तक पाठवलं. रंगांचा तक्ता. सोबत चिठ्ठी, 'भाऊजी, पाठ करायला घ्या.' मी ते फेकून देणार होते. पण दुपारी बघते तर हे खिडकीत बसून खरंच पाठ करत होते. "मोतिया. फिका मोतिया. गडद मोतिया." शाळेतल्या मुलासारखं बोट ठेवून.  ज्या माणसाला अंधाऱ्या खोलीत लाल दिव्यात करड्या रंगाच्या पन्नास छटा ओळखता यायच्या, तो मोतियाचे तीन प्रकार पाठ करत होता.

उरलेले तीन दिवस हे उंबरे झिजवत फिरले. कोणी पुढच्या महिन्यात म्हणालं, कोणी पगार झाल्यावर. शेवटच्या दिवशी जेवणं झाल्यावर हे बूट न घालता नुसतेच खुर्चीत बसून राहिले, तेव्हा मी ओले हात पुसले, ह्यांच्या बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला आणि ह्यांच्यासमोर ठेवला.

"माझा भरा."

"तुला कशाला?" हे म्हणाले.

झालं! वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "मला कशाला? का, मी मरणार नाही? की मेले तरी चालेल? कमावत नाही म्हणून माझी किंमत नाही का? त्या कंडक्टरच्या भावाला तुम्ही ओळखतही नव्हता, त्याची काळजी वाटली, आणि मी इथे समोर..."  मी भाजीची टोपली उगाच इकडून तिकडे ठेवली.

ह्यांनी फॉर्म पुढे ओढला. पेन काढलं आणि भरायला लागले. जन्मतारीख न विचारता लिहिली. उंची लिहिली. वजन मी सांगायच्या आत चार किलो कमी लिहिलं, ते मात्र मी दुरुस्त करू दिलं नाही. ओळखीची खूण, भुवईवरचा व्रण. पुढे व्यवसायाचा रकाना आला. तिथे पेन थांबलं.

"लिहा की, काही नाही म्हणून," मी म्हणाले.

ह्यांनी लिहिलं, 'छायाचित्रण. निवृत्त.'

"हे काय?"

"इतकी वर्षं फ्लॅश धरलास ना? मग?"

मी बाहेर बघत बसले. ज्याच्याशी भांडायचं तोच असा वागला की पुढे कसं भांडायचं ते कळत नाही.

फॉर्म पुरा झाला आणि घोडं अडलं ते उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे फोटो चिकटवायचा होता, अलीकडचा. आणि माझा फोटोच नव्हता. फोटोवाल्याच्या घरात बायकोचा लग्नानंतरचा एक फोटो नाही, हे त्या दिवशी माझ्याही पहिल्यांदा लक्षात आलं. जुनी ओळखपत्रं होती, त्यावर कचेरीतल्या यंत्राने काढलेलं ठिपक्यांचं तोंड, ते मलाही ओळखू येत नाही. फ्लॅश धरणाऱ्या बाईचा फोटो काढणार कोण? गावातल्या निम्म्या लग्नांच्या फोटोंत कडेला माझं कोपर तेवढं आहे.

"काढा मग," मी म्हणाले. "कॅमेरा आहे, स्टुडिओतून आणलेलं छापायचं यंत्र आहे. कचेरी पाचपर्यंत उघडी. आत्ता वाजलेत दोन."

ह्यांनी मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर चढवला. मागे पांढरी चादर टांगली. मग माझी हनुवटी जरा वर केली. मग जरा खाली. खिडकीचं एक दार लोटलं, मग उघडलं. चादरीची सुरकुती काढली. कॅमेऱ्यातून पाहिलं, डोळा बाजूला केला, काच पुसली, पुन्हा पाहिलं. अडीच वाजले. पुन्हा हनुवटी. स्टूल डावीकडे. पावणेतीन.

"अहो, एवढ्यात तुम्ही सबंध वऱ्हाडाचे काढले असते! दाबा ना!"

हे कॅमेऱ्यामागे वाकलेलेच होते. वाकूनच म्हणाले, "मी मोठे केलेले फोटो तू बघितलेस ना? सगळे?"

"बघितले की. फ्रेमा मीच पुसायचे."

"ते सगळे असेच होते गं. फॉर्मवर लावायला काढलेले. पासपोर्टला, बँकेला, नोकरीला. माणूस गेलं की लोक घाईत कपाट उघडतात, तेव्हा हाच फोटो हाताशी येतो. पांढरा पडदा, सरळ मान. समोर येऊन बसलं कोणी की मला दिसायचं, हाच एक दिवस माझ्याकडे परत येणार. आणि कितीतरी आले." मग सरळ उभे राहिले. "म्हणून तुझा काढला नाही कधी. म्हणून विचारलं नाही. फॉर्म म्हटला की फोटो आला."

 वर्षभर मी काय समजत होते आणि काय निघालं!  आणि माझा स्वभाव असा की रडू यायला लागलं की मला राग येतो.

"मग हे तोंडाने सांगता येत नव्हतं?" मी ओरडले. हात आपोआप वर गेला. "वर्षभर मी जळतेय इथे! साखर कमी घातली तुमच्या चहात! आणि तुम्ही आपले वर्तमानपत्र..."

खट् आवाज झाला.

छापून बाहेर आला तो असा. तोंड उघडं, डोळे वटारलेले, उजवा हात कानाशी, आणि तो हात हललेला, नुसता पांढरा पट्टा. गालाची एक कडाही हलली होती.

"हा काय फोटो आहे? दुसरा काढा."

"वेळ नाही," हे म्हणाले आणि फोटो कापून डिंक लावून चिकटवूनसुद्धा टाकला. तीन वाजत होते. कचेरी पंधरा मिनिटांवर.

कचेरीत टायवाल्या साहेबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, मान हलवली, आणि मग कोपऱ्याशी थांबले. चष्मा खाली ओढला. "हे चालायचं नाही हो. फोटो ओळख पटवण्यासाठी असतो. चेहरा स्थिर पाहिजे, शांत पाहिजे."

"पण ही अशी नाहीये," हे म्हणाले.

"दुसरा घेऊन या. अजून वेळ आहे."

तोवर ह्यांनी खालच्या सहीसाठी पेन काढलं होतं, आणि ते टोपण न काढताच कागदावर टेकवत होते. सव्वीस वर्षांपूर्वी कॅमेऱ्यात रोल नव्हता, आणि आज हे! एजन्सी जायला आली आणि टोपण काढायचं भान नाही. "अहो, टोपण!" मी हात वर करून ओरडले. "टोपण काढा आधी! सगळं मीच सांगायचं का?"

टायवाल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांनी शिक्का उचलला आणि मारला. "बारा," म्हणाले.

वाटेत दादाचं दुकान लागतं. रंगांचा तक्ता मी पिशवीतून आणलाच होता, तो गल्ल्यावर ठेवला. दादा काही बोलायच्या आत हे म्हणाले, "टाकला होता रोल."  सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हे त्याला उलटून बोलले होते.

पुढच्या चौकात मला राहवेना. "खरं सांगा," मी म्हणाले, "पाचपर्यंत वेळ होता. दुसरा का नाही काढला?"

ह्यांनी बॅग ह्या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाले, "हललेला फोटो मोठा करता येत नाही."

  घरी आल्यावर मी चहा केला आणि दोघांच्या कपात साखर नीट घातली.